आठ आण्यांच्या आतला माणूस

आमच्या सेक्रेटरींनी माझ्या आजोबांच्या मयतीला साडेअकरा आणे दिले होते. लोक स्मशानातून परतत होते, बापूंचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोळे अजून ओलेच होते, आणि सेक्रेटरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘माणसं चांगली जमली. साडेअकरा आणे मयत झाली. ऊन नसतं तर तेरावर गेली असती.’’ दुसरं कुणी असं बोललं असतं तर मार खाऊन घरी गेलं असतं. सेक्रेटरींचा मात्र कुणाला राग येत नसे. उलट बापू पुढे कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांना अभिमानाने सांगत, आमच्या म्हाताऱ्याला साडेअकरा पडले म्हणून.

मेलेल्यांच्या बाबतीत त्यांचा हात असा सढळ. पार पडलेलं लग्न, आटोपलेलं कीर्तन, सोसायटीच्या निवडणुकीत आपटलेलं पॅनेल, जे होऊन गेलं त्याला ते दहा, बारा, क्वचित चौदा आणेही देत. जे अजून व्हायचं आहे त्याला मात्र आठ आण्यांच्या आत. पाऊस येईल का? पाच आणे. नेकनूरची एसटी वेळेवर येईल का? तीन. त्यांचा स्वतःचा डावा गुडघा कायम सात आण्यांवर असे, आणि कसं काय विचारलं की ते स्वतःचं नाही, गुडघ्याचंच सांगत.

ही खोड त्यांना नोकरीने लावली. ते मूळचे तलाठी. गावात पीक किती आलं ते तलाठी आणि गावची समिती मिळून आण्यांत ठरवतात, तिला आणेवारी म्हणायचं. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. आठाच्या खाली गेलं की सरकार गाव दुष्काळी धरतं. मग वसुली थांबते, टँकर सुरू होतो, गुरांना चारा छावणी मिळते, पोरांची परीक्षा फी माफ होते. आमच्या बीड जिल्ह्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाकीच्या जगात आकडा मोठा आला की लोक पेढे वाटतात. आमच्याकडे आकडा मोठा आला की बायका कपाळाला हात लावतात.

तरुणपणी, नवी नोकरी असताना, ह्याच गावात त्यांनी एकदा नऊ आणे लावले होते. हे मला बापूंनी सांगितलं, सेक्रेटरींनी कधीच नाही. त्या साली पावसाने मध्येच दडी मारलेली. सडकेला लागून एका बागायतदाराची विहिरीवरची ज्वारी मात्र डौलात उभी होती. नव्या तलाठ्याने ती पाहिली, आतल्या रानात शिरलाच नाही, आणि नऊ लिहून मोकळा झाला. ओढ्यापलीकडच्या गावाला सात लागले. तिथे छावणी उघडली, खडी फोडायची का होईना पण कामं निघाली. आमच्या गावाने आपली गुरं ओढा ओलांडून दुसऱ्याच्या दारी नेऊन बांधली. पलीकडचे लोक पुढे कैक वर्षं आमच्या माणसांचं स्वागत ‘या, नऊ आणे’ असं करायचे. तलाठ्याची बदली झाली. पण निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ स्वतःचं गाव सोडून आमच्याच गावात घर करून राहिला. इथं कावून आलात, असं कुणी विचारलं तर म्हणे, ‘‘इथलं रान आतून बघायचं राहिलंय.’’

गावानेही त्यांना दूध सोसायटीचं सेक्रेटरी करून टाकलं. आमच्याकडे एखाद्याला माफ केलं असं तोंडाने सांगायची पद्धत नाही, त्याला सोसायटीत घेतात.

सोसायटीत ते मिटलेली काळी छत्री घेऊन बसत. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. तलाठी असताना पिकाचं माप घेण्यासाठी तिच्यावर खुणा करून घेतल्या होत्या, आणि भर उन्हातही ती उघडायला सांगितली तर म्हणत, ‘‘हत्यार हाय ते.’’ त्या छत्रीच्या टोकाने ते दुधाचे कॅन पुढे-मागे करवत. एका दुष्काळात एकाच्या दुधाला डिग्री फारच कमी लागली. सेक्रेटरींनी काचेची नळी डोळ्यांसमोर धरून त्याला विचारलं, ‘‘टँकर आठवड्यातून एकदा येतो. प्यायला पाणी न्हाई. तुला दुधात घालायला कुठून घावतं बे? जागा दाव, तिथंच हीर पाडू.’’ रांग हसून हसून वाकली. तो माणूस दुसऱ्या दिवसापासून चोख दूध घालू लागला.

पोरांच्या ॲडमिशनचा अंदाज सांगायचं काम त्यांच्याकडे कसं आलं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तलाठी होते तेव्हा उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला तेच देत. दाखला लिहिता लिहिता विचारायचे, कुठलं कॉलेज? मार्क किती? आणि पुढच्या साली त्या पोराचं काय झालं, तेही चौकशी करून लक्षात ठेवायचे. औरंगाबादचं कुठलं कॉलेज कितीवर बंद झालं ते त्यांना तोंडपाठ होतं. निकाल लागले की सोसायटीच्या ओट्यावर बाप आणि पोरगं अशा जोड्या येऊन बसत.

मार्कलिस्ट ते बघत नसत. ‘‘हा बांध हाय,’’ म्हणत आणि कागद बाजूला सारत. ‘‘बांधाकडचं पीक रस्त्यानं जाणाऱ्याला दावायला असतं. मधी चल. नावडता विषय कोणता?’’ पोराने नावडता विषय सांगितला की त्यातलंच काहीतरी समजावून सांगायला लावत. त्यांना स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नसे. ते नुसतं पोराचं तोंड बघत. कुठे अडतंय, कुठे थाप मारतंय, कुठे सरळ ‘येत नाही’ म्हणतंय. मग ते आपले रिकामे तळहात एकमेकांवर चोळत, कणीस चोळावं तसे, आणि फुंकर मारत. फोलपटं उडून गेल्यावर उरलेले दाणे बघावेत तसं हाताकडे बघून म्हणत, ‘‘नजर अंदाज, सहा आणे.’’ सुधारित आणि अंतिम आकडा मागाहून. सरकारी आणेवारीही अशीच तीन हप्त्यांत जाहीर होते.

पाच, सहा, साडेसहा. माझ्या ऐकण्यात कुणाही पोराला आठ मिळाले नव्हते. ज्याचा नंबर लागे त्याचा बाप म्हणे, सहा आण्यांवर लागला, पोरगं हिमतीचं! ज्याचा लागत नसे त्याचा बाप म्हणे, सेक्रेटरींनी आधीच सांगितलं होतं. दोघंही नमस्कार करून जात. इतकी सोय देवालाही नसते.

ह्या सोयीचा फटका एकीला बसला. आमच्याच गल्लीतली मुलगी, माझ्यापुढे तीन वर्षं. डॉक्टर व्हायचं होतं, मार्कही बरे होते. सेक्रेटरींनी सवयीने सहा आणे सांगितले. ‘‘सहाच म्हणतेत ना, मग कशाला?’’ असं म्हणून तिच्या बापाने अर्जच भरला नाही. दुष्काळ होता, म्हणून सोसायट्यांनी मिळून सामुदायिक विवाह ठेवले होते. त्या मांडवात तिचंही उरकलं. पावसाळ्यात कळलं की ते कॉलेज तिच्या मार्कांच्या खाली येऊन बंद झालं होतं. त्या वर्षापासून सेक्रेटरींनी आमच्या गल्लीतून जायचं सोडलं, आणि लांबच्या वाटेने सोसायटीत जाऊ लागले.

नंतर माझी पाळी आली.

मी बीडला एसटीने ये-जा करून अर्थशास्त्रात बी.ए. केलं होतं. दिल्लीच्या एका विद्यापीठात एम.ए. करायचं माझ्या डोक्यात भरलं होतं. सबंध देशातून तिथे मूठभर मुलं घेत. औरंगाबादला जाऊन मी त्याची परीक्षा दिली, आणि यादी लागायला अजून अवकाश होता तेवढ्यात अंबाजोगाईहून बी.एड.चं बोलावणं आलं. सोमवारच्या आत मूळ कागदपत्रं जमा करा. एकदा जमा केली की वर्षभर परत मिळत नसत, म्हणजे दिल्ली बंद. न करावीत तर बी.एड. गेलं, आणि दिल्लीला नंबर लागला नाही तर मी घरात. आमच्याकडे पोरगी घरात बसली म्हणजे काय होतं, ते मांडवात पाहिलं होतं.

बापू गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. बैलाच्या मोडक्या शिंगाला पट्टी बांधताना त्यांचा हात कापत नसे, पण हा निर्णय त्यांच्याने होईना. ‘‘सेक्रेटरींना विचारू,’’ म्हणाले. ते सहा म्हणणार, आणि बापू कागदं घेऊन अंबाजोगाईची गाडी धरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी तणतणले. बापूंनी ऐकलं नाही.

ओट्यावर दूध घालायला आलेल्या बायाबापड्या होत्या. सेक्रेटरींनी माझी मार्कलिस्ट बाजूला सारली.

‘‘नावडता विषय?’’

‘‘संख्याशास्त्र.’’

‘‘मधी चल.’’

मी प्रमाण विचलन समजावायला घेतलं. पहिल्यांदा अडखळले, पुन्हा सुरुवातीपासून सांगायला गेले, पुन्हा तिथेच अडखळले. शेवटी चिडून म्हटलं, ‘‘मला हे नीट येत नाही.’’ सेक्रेटरींनी हात चोळले, फुंकर मारली, आणि तळहाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता बापूंकडे बघत म्हणाले, ‘‘बारा आणे.’’

एक म्हातारी कॅन खाली ठेवून ‘‘आगं माय,’’ म्हणाली.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच डोळ्याला पदर लावून उभी. ‘‘बारा लावले? बारा लावल्यावर कुणी काई देतं का? पोरीचं वाटोळं केलं त्या मेल्यानं!’’ बापू तिला समजावत होते, ‘‘आगं, ते पिकाचं. हे पोरीचं हाय. हितं जास्ती म्हंजी चांगलं.’’ पण त्यांचा आवाज काही ठाम नव्हता. तासाभरात शेजारची काकू पातेलंभर पिठलं घेऊन आली. आमच्याकडे कुणी गेलं की शेजारून पिठलं येतं. काकूने पातेलं ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली. मला हसावं का रडावं कळेना. भूक लागली होती, म्हणून मी पिठलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी रांग ओसरल्यावर मी सोसायटीत गेले. सेक्रेटरी काचेची नळी धूत होते.

‘‘सेक्रेटरी, मला ते विचलन आलं नव्हतं.’’

‘‘न्हाई आलं. दिसलं की मला.’’

‘‘मग बारा कावून सांगितले?’’

त्यांनी नळी फडक्यावर आडवी ठेवली. ‘‘खरी सात हाय,’’ म्हणाले. ‘‘सात म्हंजी लागंल बी, न लागंल बी. सात तुज्यासाठी. बारा तुज्या बापासाठी. बापाला सांगू नको.’’

मग ते गल्लीच्या दिशेने छत्री करून बोलू लागले, माझ्याशी कमी आणि स्वतःशीच जास्त. ‘‘आठाच्या आत लावलं की सरकार देतं, म्हणून मी जल्मभर आत लावत आलो. पोराला सहा सांगितले तर बाप म्हणतो, जा, बघ नशीब. पोरीला सहा सांगितले तर म्हणतो, मग कशाला? आठाच्या आत पोरीला कुणीच काई देत न्हाई माय. त्या पोरीचं रान मी आतून बघितलं, बापाचं बघायचं राहिलं.’’

‘‘आणि नंबर नाही लागला तर?’’

‘‘तर मी पुन्हा नऊ आणे,’’ सेक्रेटरी म्हणाले आणि नळी पुसायला लागले.

घरी बापू दोन दिवस येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाले, ‘‘जो माणूस पुढं व्हायच्या गोष्टीला कधी आठाच्या वर गेला न्हाई, त्यानं बारा म्हनलं म्हंजी सोळाच असणार. कागदं न्हाई द्यायची.’’ सोमवार आला आणि गेला. मला आनंद व्हायला हवा होता, पण बापूंच्या तोंडावरचा विश्वास बघवेना. तो सगळा माझ्या अर्ध्यामुर्ध्या सातावर उभा होता.

गावात फोन एकच, सोसायटीतला. बीडच्या कॉलेजातले माझे सर दिल्लीहून निकाल कळला की तिथेच कळवणार होते. ते दिवस सेक्रेटरींनी कसे काढले ते मी रोज दूध घालताना बघत होते. कुणी चाऱ्याच्या ट्रकसाठी फोन करू लागला की ते घड्याळाकडे बघत राहत. ‘‘आटपा, लाईन मोकळी ठेवा, संघाचा फोन यायचाय.’’ दूध संघाचा कसलाही फोन यायचा नव्हता. मधूनच ते रिसीव्हर उचलून आवाज येतोय का ते ऐकत. एकदा बापूंनी विचारलं, ‘‘सुधारित आकडा?’’ तर छाती पुढे काढून म्हणाले, ‘‘बारा कायम.’’ बापूंची पाठ वळल्यावर माझा कॅन परत देताना हळूच पुटपुटले, ‘‘सुधारित साडेसहा.’’ मला त्या माणसाचा इतका राग आला, की वाटलं, कॅन त्याच्या पायावर सोडावा.

फोन आला तेव्हा मी रांगेतच होते.

‘‘हां… हां जी… कोन? बरं… कितव्या नंबरावर? … बरं बरं.’’ सेक्रेटरींनी रिसीव्हर खाली ठेवला, आणि रांगेत पुढे माझाच कॅन होता म्हणून तो घेतला. दूध ढवळलं, नळी सोडली, डिग्री बघितली, लिहिली, कॅन रिकामा केला आणि माझ्या हातात परत दिला. ‘‘दूध बरं हाय,’’ म्हणाले.

‘‘सेक्रेटरी!’’ मी ओरडले.

‘‘लागला.’’

एवढं बोलून ते उपड्या कॅनवर मटकन बसले. सात आण्यांचा गुडघा आणि उरलेला माणूस, दोन्ही एकदम. कपाळाचा घाम पुसत, मोठ्याने हसत म्हणाले, ‘‘यादीत पार तळाला हाय. म्हनलं न्हवतं का सात!’’ मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं. त्या ओट्यावर, दुधाच्या वासात, सगळ्या रांगेसमोर मी भोकाड पसरलं.

रांग तशीच सोडून सेक्रेटरी उठले. बापूंना सांगायला स्वतः दवाखान्यात गेले, आणि जाताना आमच्या गल्लीतून गेले. बापू एका बैलाला औषध पाजत होते. ‘‘अंतिम आणेवारी बारा,’’ सेक्रेटरींनी दारातूनच जाहीर केलं. बापू हातातली नळी तशीच धरून म्हणाले, ‘‘मी म्हणतच होतो.’’ संध्याकाळी आईने काकूचं पातेलं घासून, त्यात शिरा भरून परत दिलं. काकू म्हणाली, ‘‘बाई गं, म्हंजी चांगलं हुतं व्हय ते?’’

सेक्रेटरी गेले तेव्हा मी दिल्लीत होते, मयतीला पोचू शकले नाही. बापूंनी फोनवर सांगितलं, पलीकडच्या गावचे लोकसुद्धा ओढा ओलांडून आले होते. मग जबाबदारीने विचार करून म्हणाले, ‘‘साडेपंधरा आणे.’’ बारा आणि सातची गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

आता मी विद्यापीठात शिकवते. कुणाला घ्यायचं हे माझ्या हातात नसतं, तरी प्रवेशाच्या दिवसांत ओळखीपाळखीतून फोन येतात. गेल्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याहून एका ढाबेवाल्याचा आला. मागे भांड्यांचा आणि ट्रकच्या हॉर्नचा गोंगाट. ‘‘मॅडम, पोरगी म्हणती परीक्षा देऊन तुमच्याकडंच यायचं. खरं सांगा, किती चान्स हाय? न्हाई तर उगं कावून पाठवायचं?’’

ते ‘उगं कावून’ म्हणजे ‘मग कशाला’च, मला चांगलं ओळखीचं होतं.

‘‘बारा आणे,’’ मी म्हणाले.

ढाबेवाला पडलेल्या आवाजात म्हणाला, ‘‘म्हंजी अवघडच हाय म्हणा की.’’

‘‘अहो, पीक न्हाई हे. हितं बारा म्हंजी लई चांगलं.’’

‘‘आसं व्हय!’’ त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. ‘‘मग पाठवतो की. बारा म्हनल्यावर काय!’’

‘‘फोन पोरीकडे द्या जरा.’’

ती फोन घेऊन बाजूला गेली असावी, कारण भांड्यांचा आवाज कमी झाला. मी तिला नावडता विषय विचारला. तिने सांगितला. म्हटलं, त्यातलं काहीतरी समजावून सांग. ती दोनदा अडखळली, आणि मग सरळ म्हणाली, ‘‘हे मला येत न्हाई मॅडम.’’

माझे तळहात आपोआप एकमेकांवर आले.

‘‘सात,’’ मी म्हणाले. ‘‘अभ्यास कर. आणि बापाला सांगू नकोस.’’